मॅटमधली खिडकी

मनोहर तायडे गेल्याची बातमी मला अमरावतीत मिळाली ती मोबाइलवर आलेल्या एका फलकाच्या रूपात. फलकावर बारा चेहरे होते आणि त्यातले अकरा हसत होते. त्यामुळे यांच्यापैकी नक्की कोण गेलं हे कळायला मला चष्मा शोधावा लागला. खालच्या कोपऱ्यात, पदाधिकाऱ्यांच्या रांगेखाली, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत मनोहर होता. 'शोकाकुल' म्हणून ज्यांची नावं छापली होती, त्यांच्यातल्या चौघांनी त्याला दोन वर्षं अकोल्यातल्या मैदानाच्या फाटकातून आत येऊ दिलं नव्हतं. महिना उलटून गेला. राग उतरत नाही, आणि तो उतरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

मनोहर माझा अकोल्यातला कॉलेजचा मित्र. मी अमरावतीत ग्रंथपाल झालो, तो अकोल्यातच एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. सकाळी मैदान, मग ड्यूटी, संध्याकाळी पुन्हा मैदान, असा त्याचा दिवस. मैदानावर मातीची एक सुरेख खेळपट्टी होती, पण ती मान्यवरांच्या नावाच्या चषकांसाठी राखलेली. मनोहरकडे क्रिकेट शिकणाऱ्या मुलींच्या वाट्याला काथ्याची जुनी मॅट. तिच्यासाठी त्याचा एक नियम होता. जिला बॉलिंग करायची तिनंच मॅट अंथरायची, ताणायची, कडेचे खिळे ठोकायचे, आणि ओव्हर सुरू करण्याआधी खाली वाकून हात फिरवायचा. एखादा खिळा वर आला असेल तर पाय अडकतो.

रेवती पातूरहून पहिल्या एसटीनं यायची. आज ती भारताच्या संघात आहे आणि तिची बॉलिंग तुम्ही टीव्हीवर पाहता. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, लांब हातांची, कमी बोलणारी. तिची पहिली निवड चाचणी अमरावतीला होती, म्हणून मीही गेलो. मातीच्या खेळपट्टीवर ती आयुष्यात प्रथमच उभी राहिली, आणि सवयीनं खाली बसून जमिनीवरून हात फिरवू लागली. मांडवातल्या खुर्चीवरून एका निवडकर्त्यानं विचारलं, "काय शोधून राहिली वं? खिळे?" मांडव हसला. पुढं जे झालं ते अधिक वाईट होतं. मॅटवर आखूड टाकलेला चेंडूसुद्धा छातीपर्यंत उसळतो. मातीवर तोच चेंडू आरामात बॅटवर येऊन बसला. एका ओव्हरमध्ये तिची चाचणी संपली.

माझ्या घरी तिनं चहाला हात लावला नाही. मनोहरनं स्वतःचा कप बशीत ठेवला. मग म्हणाला, "पोरीची नाई, माही चूक हाय. मी तिले मॅट शिकवली, बॉलिंग नाई शिकवली."

परत गेल्यावर त्यानं मैदानाच्या समितीकडं मातीची खेळपट्टी सकाळी अर्धा तास मागितली. चषक जवळ आला आहे, असं उत्तर मिळालं. कुठला ना कुठला चषक तिथं कायमच जवळ आलेला असे. मग मनोहरनं जे केलं ते एखाद्या मेकॅनिकलाच सुचावं. त्यानं पत्रा कापायची कात्री आणली आणि मातीवर चेंडू जिथं पडायला हवा नेमक्या त्या जागी, मॅटचा एक चौकोनी तुकडा कापून काढला. खालची माती भिजवून, ठोकून पक्की केली. मुली त्या चौकोनाला खिडकी म्हणायच्या. खिडकीत पडलेल्या चेंडूचा आवाज वेगळा येई. "डोयानं नको पाहू, कानानं ऐक," तो रेवतीला सांगायचा. आठवडाभरात दहातले सहा चेंडू खिडकीत पडू लागले...

आणि नोटीस आली. मैदानाच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल मनोहर तायडे यांना प्रवेशबंदी. तीन ठिकाणी ठिगळं लावलेल्या त्या मॅटची इतकी काळजी समितीला त्यापूर्वी कधी वाटली नव्हती. त्यांनी ती निकामी ठरवून भिंतीकडेला फेकली. मनोहरनं विचारलं तेव्हा शिपाई म्हणाला, कचरा आहे, घेऊन जा. त्यानं ती घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर अंथरली. पुढच्या वर्षी अमरावतीच्याच मैदानावर रेवतीची निवड झाली. मांडवही तोच होता.

ती मोठ्या स्पर्धा खेळू लागली तसं मनोहरसाठी फाटक आपोआप उघडलं. नोटीस मात्र कोणी मागं घेतली नाही. भारतीय संघातल्या निवडीनंतर तिचा सत्कार झाला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ही मुलगी आमच्या मैदानानं घडवली. रेवतीनं मिस्त्रीकाकांना वर बोलवा म्हटलं, तर सूत्रसंचालकांना वेळेची आठवण झाली. मी धुमसत होतो. मनोहर शांत होता. "मले हार नाई पायजे भाऊ. तेवढा कागद वापस घ्या म्हना. नासधूस करनारा मानूस नाई मी." त्याच्यासाठी तीन अर्ज मीच लिहून दिले, ऱ्हस्वदीर्घासकट निर्दोष. माझं मराठी त्यांना इतकं आवडलं असावं की त्यांनी ते जपून ठेवलं. उत्तर एकाचंही आलं नाही.

तेराव्या दिवशी मी त्याच्या घरी होतो तेव्हा समितीचे तिघं आले. नव्या इमारतीत रेवतीच्या नावाचं दालन होतंय, ती ऐतिहासिक मॅट काचेच्या पेटीत ठेवायची आहे, म्हणाले. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "न्या. पन आंधी तो कागद वापस घ्या. लिहून." तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. विषय बैठकीत ठेवू, असं म्हणून ते उठले.

कापलेला तो चौकोन मनोहरनं कधीच टाकला नव्हता. इतकी वर्षं तो त्याच्या दारात पायपुसणं म्हणून पडला आहे. तिघांनी आत येताना त्याच्यावर बूट घासले होते. जातानाही घासले.

मागच्या आठवड्यात दौरा संपवून रेवती आली. मागच्या प्लॉटवर मुली मॅटचे खिळे ठोकत होत्या. तिनं चपला अंगणातच काढल्या. दारात खाली वाकली, त्या तुकड्याच्या चारही कोपऱ्यांवरून सावकाश हात फिरवला, आणि त्याच्यावर पाय न ठेवता, ओलांडून आत गेली.