हाताला न बसणारं पिस्तूल

खंडेनवमी, सकाळचे दहा. विळी, दोन सुऱ्या, कात्री आणि स्कूटर धुऊन-पुसून झाली आहे. शिवणयंत्राला तेल घालायचं तेवढं राहिलंय. ते घालण्याआधी हे लिहून टाकते. दरवर्षी या दिवशी एक प्रकरण डोक्यात येतं आणि दरवर्षी कामाच्या नावाखाली मी ते बाजूला सारते. मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा वाटलं होतं की फायलींबरोबर तेही ठाण्यात राहील. राहिलं नाही.

मी तेव्हा मैसूरच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होते. कुवेंपुनगरचा काही भाग आमच्या हद्दीत होता. आयुधपूजेला आमच्या ठाण्यातही रायफलींना हळदकुंकू लागतं. पण त्याआधी एकेक रायफल रिकामी असल्याचं तपासून रजिस्टरला नोंद होते आणि खाली सही होते. त्या दिवशी मी ती सही करत होते, तेवढ्यात फोन आला. एका घरात गोळी सुटली होती, एक माणूस जखमी होता.

घर मराठी होतं. संस्थानाच्या जुन्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेलं घराणं. घरमालक पंच्याहत्तरीपुढचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, अंगाने भरभक्कम. मुलगा चार वर्षांपूर्वी वारला होता. घरात त्याची बायको आणि नऊ वर्षांची नात. सून जवळच्या एका खासगी शाळेत तिसरीला शिकवायची. मालकांचे धाकटे भाऊ पूजेसाठी कृष्णराजनगरहून आले होते. गोळी त्यांच्या पोटात लागली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांचा मृत्यू झाला.

पिस्तूल पंचेचाळीस बोअरचं, वडिलोपार्जित. परवाना मालकांच्या नावावर.

सुनेने आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं की गोळी तिच्या हातून सुटली. ठाण्यात मराठी येणारी मी एकटी, म्हणून जबाब मीच घेतला.

“पूजा झाल्यावर पुसत होते, मेडम. उजव्या हातात पिस्तूल, डाव्यात फडकं. बोट लागलं.”

“आत गोळी कशी होती?”

“आमच्यात रिकामं शस्त्र पूजेला ठेवत नाहीत. एक गोळी घालतात. पूजा झाली की काढतात.”

“कोण घालतं?”

“मामा.” म्हणजे सासरे.

सासरे खुर्चीत बसले होते. मान न उचलता म्हणाले, “बायकांच्या हातात द्यायचंच नव्हतं, अक्का. तप्पु, चूक आमचीच.”

त्यांच्या उजव्या हाताला अंगठ्याजवळ कापडाची पट्टी होती. विचारलं, तर म्हणाले की पूजेचा कोहळा कापताना लागलं. मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेले. ही माझी चूक. कबुली आयती मिळाली की पोलिसाचा हात आपोआप कॅलेंडरकडे जातो, दोषारोपपत्र कधी जाईल ते बघायला.

पिस्तूल सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवलं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा सुनेवर नोंदवला. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे ती संध्याकाळी घरी गेली. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर शाळेने तिला निरोप पाठवला: पोलिसांकडून लेखी काही आल्याशिवाय वर्गावर येऊ नका. तिच्या पगारावर मुलीची फी आणि औषधं चालायची. राहतं घर सासऱ्यांचं. कोर्टात गुन्हा शाबीत झाला असता तर दुसऱ्या कुठल्या शाळेनेही तिला उभं केलं नसतं.

पंधरा दिवसांनी शहरातला एक जुना बंदूकविक्रेता ठाण्यात आला. हातात वर्तमानपत्राची घडी. कन्नडमध्ये म्हणाला, “मेडम, त्या बाईंनी ते झाडलेलं नाही. त्यांना ते झाडताच येत नाही.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“श्रावणात म्हातारे त्यांना माझ्या दुकानात घेऊन आले होते. परवाना सुनेच्या नावावर करायचा होता. मी पिस्तूल तिच्या हातात देऊन बघितलं. तुम्ही दुकानात या, दाखवतो.”

गेले. त्याने तसल्याच बनावटीचं एक पिस्तूल काढलं, रिकामं असल्याचं दोनदा दाखवलं आणि माझ्या हातात दिलं.

“डोळे मिटा. हात उचला, जिथे सहज जातो तिथे. आता उघडा. नळीच्या टोकावरची नेमाची माशी कुठे दिसते?”

“थोडी डावीकडे.”

“म्हणजे मूठ तुम्हाला जाड होते. अंगठा आणि बोटाचं बेचकं अगदी वरपर्यंत चढायला हवं. नळी मनगटाच्या हाडाच्या रेषेत हवी. आणि तळहात न हलवता बोटाचं पहिलं पेर चापावर यायला हवं. बोट पोचवायला तळहात सरकवावा लागला, तर ते पिस्तूल आपलं नाही. मोठ्या बोअरची पहिली गोळी कोणीही उडवतो, मेडम. दुसरी ज्याच्या हाताला ते बसतं त्याचीच.”

माझं बोट जेमतेम पोचलं. मग त्याने मुठीच्या पाठीमागची पट्टी दाखवली. तळहाताने ती आत दाबली गेली नाही तर चाप हलतच नाही.

“त्या बाईंचं बोट चापावर गेलं की तळहात या पट्टीवरून सुटत होता. मी म्हटलं, अज्जा, हे विका, सुनेसाठी बत्तीस बोअरचं हलकं घ्या. तर माझ्यावरच ओरडले. म्हणाले, घरातली तलवार कोणी बदलून आणतं का?” तो हसला. “आणि खरं सांगू? त्यांच्या हाताला तरी कुठे बसतं! मांसल हात. गोळी सुटली की मागचा घोडा, चाप नव्हे, ही वरची हातोडी, मागे येऊन बेचक्याचं मांस चावते. तेही मी सांगितलं. म्हणाले, माझ्या वडिलांनाही चावायची.”

मी पिस्तूल काउंटरवर ठेवलं. कोहळा कापणारा माणूस सुरी उजव्या हातात धरतो. जखम झालीच तर डाव्या हाताला होते. आणि सासऱ्यांची कापडाची पट्टी उजव्या हाताला होती. घटनास्थळाच्या फोटोत ती स्पष्ट दिसत होती. फोटो पंधरा दिवस माझ्याच टेबलावर होते.

प्रयोगशाळेतून कळलं की जप्त पिस्तुलाच्या मुठीची पट्टी व्यवस्थित काम करते. मग दोन पंच आणि महिला हवालदार यांच्यासमोर सुनेला बोलावलं, विक्रेत्याचं रिकामं पिस्तूल टेबलावर ठेवलं.

“जबाबात सांगितलंत तसं करून दाखवा.”

तिने धरलं. चाप हलला नाही. तळहात सरकवून बोट पुढे नेलं, तरी हलला नाही. “परत बघते,” म्हणाली. सहा-सात वेळा बघितलं. वरच्या ओठावर घाम आला. आपण गुन्हेगार आहोत हे दाखवायला कोणी इतकी धडपड केलेली मी नोकरीत दुसऱ्यांदा पाहिली नाही.

“दोन्ही हातांनी केलं तर चालेल?”

“चालेल. मग फडकं कुठे होतं?”

तिने पिस्तूल खाली ठेवलं. “बिडि मेडम, सोडा. लिहिलंय ते असू दे. घर त्यांचं आहे. मुलीला घेऊन मी कुठे जाऊ?”

“आधी खरं सांगा. कुठे जायचं ते मग बघू.”

तिने पिस्तूल माझ्याकडे सरकवलं.

सासऱ्यांना दुपारी बोलावलं. हात पुढे करायला सांगितला. बेचक्यात दोन छोटे समांतर व्रण होते. डॉक्टरकडून ते नोंदवून घेतले.

“काका, कोहळा कुठल्या हाताने कापलात?”

त्यांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, “पूजा झाली. कपाळाला लावायला उचललं. धाकटा म्हणाला, दादा, हात थरथरतोय तुझा, दे इकडे. सगळ्यांसमोर म्हणाला. मला राग आला, घट्ट धरलं. इष्टेच, एवढंच.”

“सुनेवर का ढकललंत?”

“बाईच्या हातून झालं तर लोक हळहळतात. आमच्या हातून झालं तर हसतात. सात पिढ्या फौजेत आहोत, अक्का.”

“तिची नोकरी जात होती.”

“नोकरी काय, दुसरी मिळते.”

खुनी, दरोडेखोर, बायको जाळणारे, सगळ्यांचे जबाब मी घेतले आहेत आणि संध्याकाळी नीट जेवले आहे. या वाक्यानंतर मात्र पेन खाली ठेवून पाच मिनिटं नुसती बसले. त्यांना सुनेचा राग नव्हता. भावाच्या मृत्यूचं दुःख खोटं नव्हतं. त्यांच्या हिशेबात ती आलीच नव्हती, एवढंच.

परवाना वाचेल असंही त्यांना वाटलं असावं; पण तो तसाही रद्द होणार होता, गोळी कोणीही झाडलेली असो. ते त्यांनी कोणाला विचारलंच नव्हतं.

सुनेविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल त्याच संध्याकाळी कोर्टासाठी तयार केला. आरोपी बदलला, ती साक्षीदार झाली. तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही सोडवलंत, खरं. पण आज रात्री त्यांना जेवायला मीच वाढायचंय. ते आता माझ्याकडे बघणार नाहीत, मी त्यांच्याकडे. पोरीला काय सांगू?”

मी म्हटलं, “उद्या सकाळी साडेआठला शाळेत या.”

या प्रकरणाने मला काय शिकवलं? एक तर, कबुली कागदावर असते आणि गुन्हा हातात. तेव्हापासून कोणी म्हणालं ‘मी केलं’, की आधी ती वस्तू त्याच्या हातात देऊन बघायची मला सवय लागली: कुऱ्हाड असो, किल्ली असो, ट्रकचं स्टिअरिंग असो. यामुळे वरिष्ठ वैतागायचे, वेळ जातो म्हणून. जाऊ दे. दुसरं, ज्यांना शस्त्र घ्यायचंच आहे त्यांनी बापाच्या हाताचं माप घेऊन जाऊ नये. हात ज्याचा त्याचा असतो, आणि म्हातारपणी तोही बदलतो. पण हे ऐकायला सहसा कोणी तयार नसतं. सुनेच्या गळ्यात टाकलेला दोष मापाचा आहे का, हेही कोणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी वर्दीत तिच्या शाळेत गेले. ती ऑफिसबाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती; मीच तिला यायला सांगितलं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “अहो, पोस्टाने पाठवलं असतं तरी चाललं असतं.” मी म्हटलं, “पोस्टाला तीन दिवस लागतात.” ठाण्याच्या शिक्क्याचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मी पोचपावती घेतली. मग त्यांनी कपाटातून तिसरीचा हजेरीपट काढला आणि माझ्यासमोर तिच्या हातात दिला. ती जिना चढून गेली. मी फाटकाबाहेर जीपमध्ये पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत थांबले आणि मग ठाण्यात जाऊन पुढची फाईल उघडली.