शोभाताईंचा उजवा डोळा

"मॅडम, एक विचारू? रागावू नका. अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?"

पूर्वाने हे विचारलं तेव्हा मी तिच्या आईच्या डोळ्याचं प्रेशर केसपेपरवर लिहीत होते. सव्वीस. माझं पेन थांबलं.

"पुरेशी करते," मी म्हटलं.

खरं उत्तर होतं, तीन किंवा चार. मोतीबिंदूची तेवढी ऑपरेशनं माझी एका सकाळी होतात. पण पूर्वा मोतीबिंदूबद्दल विचारत नव्हती. तिच्या आईला काचबिंदू होता, तोही शेवटच्या टप्प्यातला.

शोभाताई चव्हाण वर्तकनगरमध्ये पोळी-भाजीचं केंद्र चालवतात. दोन बायका हाताखाली आहेत, पण पोळ्या स्वतः लाटतात. त्या दिवसाच्या चार महिने आधी त्या माझ्या नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा आल्या, तेही तव्याची कड दिसली नाही आणि मनगट भाजलं म्हणून. डावा डोळा तोपर्यंत संपला होता. समोर हलवलेला हात तेवढा कळायचा. उजव्या डोळ्याने त्या तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचायच्या, पण नळीतून बघावं तसं. नळीच्या बाहेर काळोख.

काचबिंदू असाच असतो. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर जातं. जाळी तुंबली की आतलं प्रेशर वाढतं आणि डोळ्याची नस हळूहळू मरते. आधी बाजूचं दिसणं जातं, समोरचं शेवटपर्यंत टिकतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. जे उरलंय ते सांभाळायचं, एवढंच डॉक्टरच्या हातात.

तीन प्रकारचे ड्रॉप चालू असूनही प्रेशर सव्वीस होतं. मला ते बाराच्या आसपास हवं होतं. म्हणजे ऑपरेशन. आम्ही त्याला ट्रॅब म्हणतो. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक छोटं झाकण कापायचं, त्याच्याखालून पाण्याला नवी वाट करून द्यायची आणि झाकण टाक्यांनी बसवायचं. टाके घट्ट झाले तर प्रेशर उतरत नाही, सैल झाले तर ते फार उतरून डोळा मऊ पडतो. शिवाय इतक्या पुढे गेलेल्या डोळ्यात कधीकधी उरलेली नजरही ऑपरेशननंतर अचानक जाते. क्वचित होतं. पण माणसाला एकच डोळा असेल तर क्वचित या शब्दाने धीर येत नाही.

"ठाकुर्लीला एक डॉक्टर आहेत," पूर्वा म्हणाली. "माझी मावशी तिकडे राहते. ती सांगत होती, ते फक्त काचबिंदूचंच बघतात. डॉक्टर निखिल..."

"निखिल माझ्याच हाताखाली शिकलाय," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण शोभाताईंनी लेकीचा हात दाबला.

निखिल चार वर्षं माझा असिस्टंट होता. त्याची पहिली शंभरेक मोतीबिंदूची ऑपरेशनं मी शेजारी उभं राहून करून घेतली. मग तो काचबिंदूच्या शिक्षणासाठी दोन वर्षं दक्षिणेत गेला. परत येईल म्हणून मी क्लिनिकमधली एक खोली रंगवून घेतली होती. तो परत आला आणि त्याने ठाकुर्लीला स्वतःचं क्लिनिक थाटलं. पेढे घेऊन आला, पाया पडला. मी हसून पेढा खाल्ला.

त्यानंतर माझ्या मनात जे सुरू झालं त्याला दुसरं नाव नाही. हेवा. आमच्या डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये तो ऑपरेशनचे व्हिडिओ दाखवायचा, टाळ्या पडायच्या. कोणीतरी हमखास माझ्याकडे वळून म्हणायचं, "तुमचा विद्यार्थी ना? भाग्यवान आहात." मी मान डोलवायचे. घरी येऊन त्याच्या क्लिनिकबद्दल लोकांनी नेटवर काय लिहिलंय ते वाचायचे. चांगलं वाचलं की पुढचं वाचायचे, कुठेतरी वाईट सापडेल म्हणून. एकदा डोंबिवलीला लग्नाला गेले असताना रिक्षावाल्याला मुद्दाम त्याच्या क्लिनिकवरून न्यायला सांगितलं. बोर्ड माझ्या बोर्डापेक्षा मोठा होता.

तर त्या दिवशी मी पूर्वाला सांगितलं, "ऑपरेशनची घाई नको. चौथा ड्रॉप घालून बघू. सहा आठवड्यांनी या."

असं करणारे डॉक्टर असतात, म्हणून माझं चुकलं असं कोणी म्हणू शकलं नसतं. पण चौथ्या ड्रॉपने भागणार नाही, हे मला लिहितानाच माहीत होतं. स्वतः ऑपरेशन करायची हिंमत होत नव्हती आणि त्याच्याकडे पाठवायचं नव्हतं. म्हणून चौथा ड्रॉप.

सहा आठवड्यांनी प्रेशर बावीस आलं. फील्ड टेस्ट केली. या तपासणीत पेशंटने एका मशीनमध्ये बघायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. जिथे ठिपका दिसत नाही ती जागा कागदावर काळी येते. मी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवला. मधल्या उजेडाच्या खालच्या बाजूला दोन ठिपके नव्याने काळे झाले होते.

"पोळी लाटताना माझ्याकडची कड दिसत नाही हो आता," शोभाताई म्हणाल्या. "मागच्या महिन्यापर्यंत दिसायची."

मी ऑपरेशनची तारीख दिली. पुढचा सोमवार. "मीच करणार," असंही सांगितलं, कोणी विचारलं नसताना.

शुक्रवारी दुपारी मी खाटकाकडून बकऱ्याचे चार डोळे आणवले. शिकताना आम्ही त्यांच्यावर हात बसवतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी ते करत नाही, निदान कोणाला सांगत नाही. ऑपरेशन थिएटरचं दार लावून मी पहिला डोळा मायक्रोस्कोपखाली धरला. झाकण अर्ध्या जाडीचं यायला हवं. पहिलं जाड आलं. दुसऱ्याला मधेच भोक पडलं. तिसऱ्यालाही.

मंदा सिस्टर आत आल्या. वीस वर्षं त्या माझ्याबरोबर आहेत.

"मॅडम, हे कोणाचे?"

"बकऱ्याचे."

त्यांनी मायक्रोस्कोपमधून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"निखिल सरांना फोन लावू का?" त्या म्हणाल्या. "का तुम्ही लावताय?"

चौथ्या डोळ्याला मी हात लावला नाही. फोन मीच लावला.

"निखिल, एक केस आहे. एकच डोळा, शेवटचा टप्पा..."

"वर्तकनगरच्या शोभा चव्हाण ना, मॅडम?"

मी खुर्चीत बसले. "तुला कसं माहीत?"

"आलेल्या माझ्याकडे. मुलगी घेऊन आलेली. महिना होऊन गेला. मी म्हटलं, ऑपरेशन लवकर करायला पाहिजे, तुमच्या मॅडमना जाऊन सांगा. त्या तुम्हाला बोलल्या नाहीत?"

"नाही."

नंतर कळलं, पूर्वाने त्याच्याकडेच ऑपरेशन करायचा हट्ट धरला होता. पण शोभाताईंनी ऐकलं नाही. मॅडम सहा आठवडे म्हणाल्यात, तर सहा आठवडे. आणि ठाकुर्लीचं नाव काढल्यावर मॅडमचा चेहरा बदलतो हे बघितल्यामुळे माझ्यापाशी दोघी गप्प राहिल्या.

"तू मला फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"करणार होतो. दोनदा नंबर काढला. तुम्हाला वाटलं असतं मी तुमचा पेशंट पळवतोय."

वाटलं असतं. मी वाद घातला नाही.

"सोमवारी ये," मी म्हटलं. "ऑपरेशन तू कर. माझ्या थिएटरमध्ये. त्यांना इथे बरं वाटतं."

"तुम्ही असिस्ट कराल?"

"करेन."

शोभाताईंना मी फोनवर बदल सांगितला. "तुम्ही असाल ना तिथे?" एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी मी असिस्टंटच्या स्टुलावर बसले. डोळ्यावर पाण्याचे थेंब सोडायचे, रक्त टिपायचं, धागा कापायचा. हीच कामं निखिल चार वर्षं करत होता. तो माझ्यापेक्षा सावकाश काम करतो. माझ्याकडे असताना मी त्याला त्यावरून बोलायचे. आता तो सावकाशपणा मला दिसत होता आणि सोसत नव्हता. त्याने झाकण उचललं, ते सगळीकडे सारख्या जाडीचं होतं. मी पेशंटच्या डोळ्याकडे कमी आणि त्याच्या बोटांकडे जास्त बघत होते.

"मॅडम, पाणी," तो म्हणाला. मी थेंब सोडायला विसरले होते.

दुसऱ्या दिवशी प्रेशर सोळा होतं, नजर होती तेवढीच होती. पाचव्या दिवशी मी तपासलं तर चोवीस.

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. चोवीस वाचल्यावर मला बरं वाटलं. क्षणभरच, पण बरं वाटलं. त्याचंही फसतं तर. समोर शोभाताई हनुवटी मशीनवर टेकवून, डोळा मिटू नये म्हणून धडपडत बसल्या होत्या. "किती आहे मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी निखिलला फोन केला. तो तासाभरात ठाकुर्लीहून आला.

"टाके मुद्दाम घट्ट ठेवले होते," तो म्हणाला. "एवढ्या नाजूक डोळ्यात प्रेशर एकदम पाडायचं नव्हतं. आता लेझरने एक टाका तोडू. मशीन तुमचं आहे, तुम्ही तोडा. मी सांगतो कुठला."

मी लेझर धरलं. तो माझ्या खांद्यामागे उभा राहिला. "थोडं डावीकडे. हां, तोच." टाका तुटला. पापणीखाली पाण्याचा छोटा फुगवटा वर आला, म्हणजे वाट मोकळी झाली. अर्ध्या तासाने प्रेशर मोजलं. अकरा.

तीन महिन्यांनीही ते अकरा-बाराच आहे, उजव्या डोळ्यातले काचबिंदूचे सगळे ड्रॉप बंद आहेत. शोभाताई तीच खालून दुसरी ओळ वाचतात. ते दोन काळे ठिपके मात्र काळेच राहिले. त्या आता पोळपाट थोडा पुढे सरकवून लाटतात.

तीन महिन्यांच्या तपासणीला मी त्यांना सांगितलं, "ऑपरेशनला सहा आठवडे उशीर झाला, तो माझ्यामुळे झाला."

"औषधाने उतरेल असं वाटलेलं ना तुम्हाला?"

"नाही. वाटलं नव्हतं."

पूर्वा ताडकन उठली. शोभाताईंनी तिला खाली बसवलं. "मग का थांबवलंत, मॅडम?"

"तुम्हाला त्याच्याकडे पाठवायचं नव्हतं मला."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"पुढची तपासणी मी ठाकुर्लीला करून घेईन," त्या म्हणाल्या. "माझे कागद देता का?"

मी फाइल दिली. दोन्ही फील्ड टेस्टचे कागद नीट वर ठेवून दिली, म्हणजे निखिलला शोधावं लागणार नाही.

आता काचबिंदूचा असा पेशंट आला की मी त्याच दिवशी चिठ्ठी लिहून त्याला ठाकुर्लीला पाठवते. हेवा गेलेला नाही. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या की अजून लागतं. पण हेवा करायला संध्याकाळ मोकळी असते. चिठ्ठी पेशंट समोर असतानाच लिहायची.