देव्यांच्या गळ्यातले वळ

साठचं दशक सरत आलं होतं. मी अंधेरीत राहणारा साधा कारकून, पण स्वतःला इतिहाससंशोधक समजायचो. पुरावा एकच: माझ्याकडे भिंग होतं.

वर्सोव्याच्या कोळीवाड्याला लागून एका शेठचा जुना बंगला होता. त्याच्या बागेत पंखवाल्या देव्या नि उघडेबंब वीर असे अकरा पुतळे. पाच रविवार भिंग घेऊन फिरलो, तेव्हा प्रत्येक पुतळ्याच्या मानेवर खोल वळ सापडला. झालं! आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकात मी ठोकून दिलं: पुतळे चारशे वर्षांपूर्वीचे, वळ सोन्याच्या हारांचे, हार चाच्यांनी पळवले.

वाचनालयाला देणगी देणाऱ्या शेठकडे तो अंक गेला. वाचून शेठ इतके फुगले, की त्यांनी बागेला कुलूप ठोकलं.

पुढच्या रविवारी माझ्या नेहमीच्या मासेवालीने पाटीवर फडकं ओढलं.

"तुला मासली नाय."

"का गं मावशी?"

"आमचे बोंबील कुठं सुकवू? तुझ्या डोक्यावर? हंगाम चालू झाला नि बाग बंद!"

तेव्हा कळलं. दरवर्षी दिवाळीनंतर तिच्या घरचे दोर त्या बागेत बांधले जायचे, देवीच्या मानेपासून वीराच्या मानेपर्यंत. त्यावर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील. आणि मी पाहणी केली ती भर पावसाळ्यात, दोर उतरवलेले असताना!

"पण चारशे वर्षं..."

"कसली चारशे! माझ्या सासूच्या डोळ्यांसमोर ओतलेत. शेठच्या बापाने गणपतीवाला आणलेला, चुना नि साचे घेऊन. शेठ तेव्हा पाळण्यात! मला विचारायचं तरी!"

दर रविवारी तिच्याकडून मासे घेत होतो. विचारलं होतं फक्त, "ताजे आहेत ना?"

तिने मला तसाच शेठपुढे उभा केला नि त्यांना बाग उघडायला लावली. स्वतःच्या कमरेला गुंडाळलेला बोंबलांचा दोर सोडून देवीच्या वळात बसवला. तंतोतंत बसला.

शेठ माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि चाचे?"

"शेठ, ते मीच आणले."

शेठनी कपाळावर हात मारला नि किल्ली तिच्या हातात दिली. मला मात्र पुढच्या अंकात चूक कबूल करायला लावली. माझं तेवढंच लिखाण लोकांनी मागून मागून वाचलं.

किल्ली मिळाली त्याच आठवड्यात बागेत दोर चढले. पहिली ओळ टांगायला मावशीने मलाच लावलं. अर्ध्या तासात माझे निम्मे बोंबील वाळूत पडले होते.

"ठेव," ती म्हणाली, "जा, भिंग घेऊन ये. वाळू कुठं कुठं लागली ते बघ!"