ओइवाच्या कानापाशी ठिणगी

"आक्रमक. स्पर्श करू देत नाही. सेविकेच्या मनगटावर फटका मारला."

संगणकातली ही नोंद मेर्या केल्लोकुम्पूनं सकाळी सात वाजता, अंगावरचा कोटही न काढता वाचली आणि तिचं डोकं सणकलं. नोंद सात नंबरच्या खोलीतल्या ओइवाची होती. वय चौऱ्याऐंशी. तरुणपण नदीतून ओंडके वाहून नेण्यात गेलं, हातात लांब आकडा आणि पायाखाली घरंगळणारं लाकूड. दोन वर्षांपूर्वी पक्षाघातानं वाचा गेली, डावी बाजू गेली. उरला उजवा हात, आणि आता त्या हाताचीही तक्रार.

"किर्सी, हे कुणी लिहिलंय?" तिनं व्यवस्थापिकेच्या दारात उभं राहून विचारलं.

"तिघींनी लिहिलंय, मेर्या. तीन आठवड्यांत अकरा वेळा. गुरुवारी डॉक्टरांसोबत बैठक आहे. औषध सुरू करायचं आणि शहरातल्या कुलूपबंद विभागात हलवायचं, असं दिसतंय."

"शहर दोनशे किलोमीटर आहे."

"मला नकाशा येतो वाचता."

मेर्याला आठवली आयली, ओइवाची बायको. ब्याऐंशी वर्षांची ही बाई रोज दुपारी दोनला बर्फावरची ढकलगाडी एका पायानं रेटत यायची, नवऱ्याशेजारी बसायची, त्याला कॉफीत बुडवलेला पाव भरवायची आणि गावातल्या बातम्या सांगायची. तो काही बोलत नसे, पण ती गेली की दाराकडे बघत राही. ती दोनशे किलोमीटर कशी जाणार? ढकलगाडीवर?

मेर्या या वृद्धाश्रमात एकतीस वर्षं होती. तो नगरपालिकेचा होता तेव्हापासून. चार वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका कंपनीनं तो घेतला आणि तेव्हापासून मेर्याचं भांडण सुरू झालं. शाळा नवव्या वर्गात सुटलेली, पुढं सेविकेचं प्रशिक्षण, एवढंच शिक्षण. पण वाचनालयातून कामगार कायद्याचं पुस्तक आणून तिनं ते पेन्सिलीनं खुणा करत दोनदा वाचलं होतं आणि वर्तमानपत्राला पत्रं लिहायला ती कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. शनिवारची सौना, म्हणजे गरम वाफेची न्हाणी, बंद करायला निघाले होते, ती तिनं वाचवली. तिचा सगळ्यात मोठा विजय मात्र बुटांचा. कंपनीनं फाटकावर पाटी लावली होती: हे आमचं घर. मेर्या बैठकीत म्हणाली होती, "घर म्हणता ना? मग आपल्यातलं कोण दुसऱ्याच्या घरात बूट घालून शिरतं?" तेव्हापासून प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यापाशी बूट काढायचे आणि आत मोज्यांवर जायचं, असा नियम झाला. लोकरीचे मोजे मेर्यानं स्वतः विणले, सगळ्यांसाठी, राखाडी रंगाचे आणि वर लाल पट्टा. पेपरात फोटो आला. ते कात्रण कॉफीच्या खोलीत अजून लटकत होतं.

मग आला हा जानेवारी. तीन आठवडे पारा उणे तिसाच्या वर आला नाही. आत रेडिएटर तापलेले, हवा टोस्टसारखी कोरडी. ओठ फुटले, केस टोपीबरोबर उभे राहायला लागले, आणि अंगात साठलेल्या विजेचे शॉक सुरू झाले. दाराची मूठ धरली की चटका, कपड्यांची गाडी ढकलली की चटका, एकमेकींना पेला दिला तरी चटका. सगळ्यांनी आपापले उपाय शोधले. कुणी दर तासाला हात ओले करी, कुणी कोपरानं दार उघडी. मेर्या किल्लीनं आधी मुठीला शिवायची. ठिणगी किल्लीच्या टोकावर उडून जायची आणि बोट वाचायचं.

"मेर्या, तुला एक तार जोडली तर अख्ख्या दालनाचे दिवे लागतील," यार्मो म्हणायचा. तो इमारतीची देखभाल करायचा आणि कामापेक्षा कॉफी जास्त करायचा.

"तुला जोडली तर कॉफीचं यंत्र पण चालायचं नाही," ती म्हणायची.

पूर्वी असल्या थंडीत ओल्या चादरी खोल्यांमध्येच वाळत टाकत. कपडे वाळत, हवेला ओल मिळे. कंपनीनं ते बंद केलं. नातेवाईक येतात, बरं दिसत नाही म्हणे. चादरी आता तळघरातल्या यंत्रात वाळत होत्या, आणि त्यांच्यावर आलं होतं मऊ, चकचकीत, प्लॅस्टिकच्या धाग्याचं नवीन पांघरूण, घडी उलगडली की तडतडणारं. मेर्यानं तक्रार केली तेव्हा किर्सी म्हणाली होती, "हिवाळा आहे. हाताला क्रीम लावा."

मंगळवारी तीनच्या सुमारास आयली निघून गेली. बाहेर अंधारून आलं होतं. ओइवा डुलकी काढत होता म्हणून मेर्यानं दिवा लावला नाही. तिनं उंबऱ्यात बूट काढले, किल्ली मुठीला टेकवली, पाच पावलं चालून पलंगापाशी गेली, पांघरूण नीट केलं आणि त्याच्या कानात श्रवणयंत्र बसवायला हात पुढं केला.

टच्. निळी ठिणगी. तिच्या बोटातून त्याच्या कानात.

ओइवा दचकून जागा झाला आणि त्याचा उजवा हात तिच्या मनगटावर आदळला. ओंडके ओढलेला हात तो, चांगलाच लागला. मेर्या मनगट चोळत उभी राहिली. तिचं स्वतःचं बोट झिणझिणत होतं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. पुन्हा कधी बसेल, ही भीती होती.

"अहो ओइवा," ती हळूच म्हणाली, "आधी मारलं कुणी? मीच ना?"

तिनं कॉफीच्या खोलीतल्या संगणकावर तीन आठवड्यांच्या नोंदी काढल्या. अकरा फटके. एकही शनिवारचा नव्हता. शनिवारी त्याला न्हाऊ घालायचे, आणि न्हाणीघरात ओल्या फरशीवर सगळ्या अनवाणी असत. शनिवारी तो शांत. कान धुवा, मान चोळा, हूं की चूं नाही. तिघींनी लिहिलं, डॉक्टरनं वाचलं, आणि वाराकडे बघायची गरज कुणाला वाटली नाही. माणूस बोलत नाही म्हणजे त्याच्या हातालाही कारण नसतं, असं या लोकांनी कधी ठरवलं? मेर्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग तिची नजर आपल्या पायांकडे गेली. लोकरीचे मोजे, प्लॅस्टिकची फरशी. किल्ली दाराशी तिच्या अंगातली वीज रिकामी करत होती आणि पुढची पाच पावलं ती परत भरत होती. स्वतःचं बोट वाचवायला किल्ली, आणि भरलेला हात म्हाताऱ्याला. समोर भिंतीवर कात्रणातली मेर्या हसत होती, हातात मोज्यांचा ढीग.

घरी जाऊन तिनं सौनाच्या भिंतीवरचं हवेतली ओल मोजायचं तबकडीवजा यंत्र उपटलं आणि दुसऱ्या दिवशी ओइवाच्या खोलीत टांगलं. काटा दहा टक्क्यांच्या खाली जाऊन पडला.

यार्मोनं डोकं खाजवलं. "बैठकीत हवेचं बोल. चादरींचं बोल. मोज्यांचं कशाला काढतेस? नियम तुझा. किर्सी तो उचलून तुझ्याच तोंडावर मारेल."

"मग काय करू? आयलीला ढकलगाडीवर शहरात पाठवू?"

"मी आपलं सांगितलं."

"तू आपलं कॉफी पी."

पण ती त्या संध्याकाळी बराच वेळ चुलीपाशी बसली. यार्मो चुकीचं बोलला नव्हता. चार वर्षं ती या लोकांना सांगत आली होती की तुम्हाला म्हाताऱ्यांमधलं काही कळत नाही. आता तेच वाक्य तिला उलटून ऐकायचं होतं.

गुरुवारी डॉक्टर पडद्यावर होता, तरुण, मागं पुस्तकांची कपाटं.

"अकरा प्रसंग आहेत," तो म्हणाला. "लहान डोसनं सुरुवात करू. जागा सोमवारी रिकामी होतेय."

"तुम्ही ओइवाला भेटलात?" मेर्यानं विचारलं.

"मी नोंदी वाचल्यात."

"मग दोन मिनिटं मला द्या." तिनं दिवा बंद केला. बूट बाहेरच काढलेले होते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती पाय घासत दोनदा चालली, सोबत आणलेलं ते चकचकीत पांघरूण हातावर चोळलं आणि किर्सीच्या कानाकडे बोट नेलं.

टच्. किर्सी किंचाळली आणि तिनं मेर्याचा हात फाडकन झटकला.

"लिहा," मेर्या पडद्याकडे बघून म्हणाली. "आक्रमक. स्पर्श करू देत नाही. सेविकेच्या मनगटावर फटका मारला."

डॉक्टर चष्मा पुसायला लागला.

"हा प्रकार तीन आठवडे दिवसाला दहादा त्याच्यासोबत चाललाय. त्याला तोंड नाही, म्हणून हात वापरला. शनिवारी आपण अनवाणी असतो, हात ओले असतात, तेव्हा तो कोकरू असतो. तारखा बघा. आणि हेही लिहा." तिचा आवाज चढला, मवाळ बोललं तर रडू येईल, हे तिला माहीत होतं. "मोजे माझे. नियम माझा. बूट काढायला मी लावले. हे शॉक माझ्या नियमानं बसले, मंगळवारचा तर माझ्याच हातानं. चूक कुणाची विचारणार असाल तर पहिलं नाव माझं घाला. दुसरं नाव चादरी तळघरात नेणाऱ्यांचं."

किर्सी कान चोळत होती. ती मेर्याला काहीतरी लागट बोलेल असं यार्मोला वाटलं. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. पण ती म्हणाली, "दुखतंय अजून." मग डॉक्टरला म्हणाली, "दोन आठवडे थांबू या."

चादरी वर आल्या. सात नंबरमध्ये दोऱ्या बांधल्या गेल्या, काटा तिसापर्यंत चढला. पांघरूण गेलं, जुनं सुती आलं. बूट उंबऱ्यातच राहिले, ते मेर्यानं सोडलं नाही. फक्त मोजेही तिथंच निघायला लागले. म्हाताऱ्याच्या पलंगाच्या लोखंडी कठड्याला आधी किल्ली लावायची, मग ओल्या हातानं त्याचं मनगट धरायचं, मग कान.

नोंदीतला 'आक्रमक' हा शब्द मात्र गेला नाही. संगणकात लिहिलेलं पुसता येत नाही, खाली भर घालता येते, असं तिला कळवण्यात आलं. मेर्यानं कंपनीला तीन पत्रं लिहिली. चौथं पेपराला धाडलं.

ओइवा पहिले दहा दिवस दचकतच राहिला. चटका नसला तरी अंगानं त्याची वाट पाहिली. अकराव्या दिवशी दुपारी मेर्या आली तेव्हा आयली पाव बुडवत होती. मेर्यानं किल्ली काढली. ओइवानं उजवा हात पुढं केला, तिच्या हातातून किल्ली घेतली, पलंगाच्या कठड्याला टेकवली आणि थांबला. काही झालं नाही. त्यानं किल्ली मांडीवर ठेवली आणि कान तिच्याकडे वळवला.

"बघ," आयली म्हणाली, "हा आता तुला शिकवायला लागलाय."

"मला कुणीतरी शिकवायलाच हवं होतं," मेर्या म्हणाली आणि कानात यंत्र बसवलं.