एका गल्लीतले सात कडुलिंब

कर्र... कर्र... लहानपणी वडिलांनी माझा कान आंब्याच्या खोडाला लावला, तेव्हा ऐकलेला आवाज. आत अळी लाकूड खात होती. "ऐक, झाडाला दुखतंय," ते म्हणाले. तो आवाज अजून कानात आहे, म्हणून या वयात, चौथी पास मी, झाडांचा स्वयंसेवक झालो. आम्ही सात जण. दर रविवारी सोलापुरातली झाडं बघायची, रोग दिसला की मोबाइलवरून महापालिकेला फोटो पाठवायचा. रोग किती सापडले ठाऊक नाही, पण किस्से पानांवरच्या मावा किडीसारखे वाढले. एक पुसला की दहा!

*

पहिलं ट्रेनिंग एसी हॉलमध्ये. मॅडमनी विचारलं, "काही शंका?"

आमच्यातले रशीदभाई उठले. पूर्वी ट्रक चालवायचे. "मॅडम, सगळं समजलं. फक्त स्टेजवरच्या कुंडीतलं झाड का वाळलंय?"

मॅडम म्हणाल्या, "ते आमच्या डिपार्टमेंटकडे येत नाही!"

*

बिराजदार सर आमचे लीडर, रिटायर्ड हेडमास्तर. एकदा वडाचा फोटो टाकून लिहिलं, "खोडावर पांढरी, दोऱ्यासारखी बुरशी. झपाट्याने पसरत आहे." फोटो चुकून घरच्या ग्रुपवरही गेला.

लगेच सुनेचा फोन! "मामा, काल वटपौर्णिमा झाली की! त्यात माझापण दोरा हाय!"

*

मी मात्र कानावर भरवसा ठेवणारा. एकदा चिंचेला कान लावून उभा होतो. कॉलेजातली एक पोर थांबली. "आजोबा, तिथं रेंज येतीय का?"

"येतीय," म्हटलं. काय सांगणार!

*

आता नरसम्माचा कडुलिंब. नरसम्मा त्या झाडाखाली मांडीवर सूप घेऊन वर्षानुवर्षं विड्या वळते. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात बसवत नाही. सावली गेली की तिचं काम गेलं.

झाडाचे शेंडे वाळले होते. आम्हाला दर आठवड्याला प्रत्येकी एक तरी रोगट झाड दाखवावं लागायचं, आणि हे चहाच्या टपरीसमोरच होतं! मग चहा पिऊन प्रत्येकाने वेगवेगळ्या बाजूंनी त्याचाच फोटो पाठवला. मीसुद्धा. कान न लावता.

महिन्याभरात महापालिकेचा मुकादम करवत घेऊन हजर. "या गल्लीतले सात रोगट कडुलिंब तोडायचेत."

"अहो, झाड एकच आहे!" बिराजदार सर ओरडले.

"सर, कागदावर सात हायत. नावं तुमचीच."

नरसम्माने माझ्याकडे पाहिलं. "आण्णा, तुमी पण लिवलं?"

मी मान खाली घातली. मग खोडाला कान लावला. बराच वेळ. "आत काही नाही," मी म्हणालो. "नुसते शेंडे वाळलेत. फुटेल परत."

"आजोबा, तसा कॉलम न्हाय कागदात."

नरसम्मा उठली. "सात तोडायचे ना?"

"व्हय."

"एक राहिलं तर चालत नाही?"

"न्हाय. सातही तोडल्याचे फोटो द्यावे लागत्यात."

"मग पैला ते सहा तोडून या की! हे शेवटचं. मी हितंच बसते."

ती खोडाला टेकून बसली, सूप मांडीवर घेतलं आणि विडी वळू लागली.

मुकादमाने कागद बघितला. गल्ली बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग कागदाची घडी खिशात घातली, करवत खांद्यावर टाकली, आणि चालू लागला.