न ऐकलेली मोटार

लांब पेचकसाचं टोक चक्कीच्या चालू मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मगच चाचा बोलायचे. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी उत्तर एकच, "पहिले आयकू दे." शहाद्यात त्यांच्या पत्र्याच्या शेडपुढून तुम्ही कधी गेला असाल, तर कान लावून बसलेला हा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

ते मिरची-मसाला दळायच्या चक्क्या बनवायचे. शेजारी माझं झेरॉक्स-बॅनरचं दुकान. एकाने त्यांच्या मुलीसाठी स्थळ आणलं आणि मुलाचा फोटो पुढे केला. चाचा म्हणाले, "फोटो बोलस का? पहिले आयकू दे."

गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा मीच त्यांना सुचवलं की धंद्याच्या ओळखी आता मोबाइलवर होतात. व्यावसायिकांच्या एका साइटवर मी त्यांचं पान काढलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ते पान मीच चालवायचो.

"ज्यासनाकडे चक्की शे, तेसलेच जोड," त्यांनी बजावलं होतं.

मी मात्र दिसेल त्याला जोडत गेलो. आकडा मोठा दिसला की धंदा मोठा दिसतो, अशी माझी समजूत. एकदा त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हाऊ कोन शे?"

"विमा एजंट."

"याले काय दळनं शे?"

मी हसण्यावारी नेलं.

अशा साइटवर एक रीत असते. तुम्ही माझ्याविषयी दोन चांगल्या ओळी लिहा, मी तुमच्याविषयी लिहितो. चक्कीच्या मोटारी विकणाऱ्या परगावच्या एकाने चाचांची तारीफ केली. परतफेड म्हणून मी चाचांच्या नावाने लिहिलं, 'या मोटारी मी स्वतः तपासल्या आहेत. बिनधास्त घ्या.' चाचांना विचारलंही नाही. ती मोटार त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

महिन्याभराने खांडबाऱ्याहून फोन आला. बचत गटाच्या एका बाईंनी त्या ओळी वाचून तीच मोटार चक्कीला बसवली होती. बटण बंद करून त्यांनी जाळी काढायला हात घातला आणि मोटारीच्या सदोष बटणामुळे ती आपोआप सुरू झाली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

फोन ठेवून चाचा माझ्याकडे वळले. "हाई मी कव्हय बोलनू?"

मी सगळं सांगितलं. ते उठले, जीप ठरवली, मलाही बसवलं. खांडबाऱ्यापर्यंत मला त्या बाईंच्या बोटांची नाही, माझ्या नावाची काळजी होती. हे आज लिहितानाही लाज वाटते.

अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. बाईंचा दीर अंगावर आला. "चाचा, तुम्हीच लिहिलं होतं ना?"

मी खाली बघत उभा राहिलो. कचेरीत जबाब द्यावा तसं चाचा शुद्ध मराठीत म्हणाले, "होय. मी न ऐकता बोललो."

परतताना मी माफी मागू लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. "मन्हं नाव व्हतं ना? मंग मीच बोलनू. पन तू तठे लिखी टाक, ती मोटार मी आयकेल नव्हती. दुसरा कोनी घेवाले नको."

मी त्या दोन ओळी गुपचूप पुसल्या, एवढंच केलं. खरं लिहिलं असतं तर माझ्यावर शेकलं असतं. अशा ओळी मी आणखी सात-आठ गिऱ्हाइकांच्या नावाने लिहून दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चाचांनी विचारलं, "लिखं का?"

"लिहिलं," मी म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला.

त्या बाईंना त्यांनी स्वतः घडवलेली चक्की नेऊन दिली. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

मागच्या महिन्यात त्या बाई जाळी बदलायला आल्या. चाचांची शेड बंद बघून माझ्या दुकानात शिरल्या. त्यांनी मला ओळखलं नाही. चाचा गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली जाळी काउंटरवर ठेवली. मग म्हणाल्या, "एवढा जाणता माणूस, भाऊ. त्या मोटारीला कसा भुलला असेल?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. सांगायला कुणाची आडकाठीही नव्हती.

"वय झालं होतं त्यांचं," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली, जाळी पिशवीत घातली आणि त्या स्टँडकडे चालू लागल्या.