चौतीस इंची मॉनिटर आणि दादाचा पीसी

आधी माफी मागतो. लिहायला बसावं असं माझ्याकडे खरं तर काही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सलग पानभर लिहिलेलं नाही. आई कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते आणि दादा कंपनीत रजेचे अर्ज लिहितो, तेही मला फोन करून, शब्द विचारून. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला, म्हणून लिहिण्याचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. त्यात विषय म्हणाल तर मॉनिटर. वाचणाऱ्याला हसू आलं तर हसावं. घरचे हसून झालेच आहेत.

खांदेश्वर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आमची एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. आई, दादा आणि मी. वडील साताऱ्याकडे गावी असतात, त्यांना इथे करमत नाही. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. दहावीनंतर तो कामाला लागला आणि गेली दहा वर्षं उरणकडच्या बंदरात लॅशिंगचं काम करतो. लॅशिंग म्हणजे जहाजावर एकावर एक रचलेले कंटेनर लोखंडी सळ्यांनी आवळून बांधायचे, आणि उतरवताना सोडायचे. सळ्या जड असतात. दादाचा उजवा खांदा आता शर्ट घालतानाही कुरकुरतो.

मी अकरावीत गेलो तेव्हा दादाने मला एक पीसी आणून दिला. कुठलंसं ऑफिस बंद होत होतं, तिथून. मांडीवर घेऊन, रिक्षातून, उन्हाळ्यात. खाली उतरल्यावर त्याने मला हातही लावू दिला नाही, तीन जिने स्वतः चढवला. त्याच्यासोबत एक चौकोनी, एकोणीस इंची मॉनिटर होता. त्या दोघांवर माझी बारावी झाली आणि कॉलेजची दोन वर्षं झाली. तरीही घरात तो ‘दादाचा पीसी’च राहिला.

तिसऱ्या वर्षाला मला गेमिंगचं वेड लागलं. वर्गातल्या एकाने नवीन मॉनिटर घेतला आणि जुना विकायला काढला. चौतीस इंची, लांबच लांब, किंचित आत वळलेला. त्याच्या घरी मी त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम पाहिला होता. दोन्ही बाजूंची झाडं कानांजवळून मागे जातात असं वाटत होतं. मी शिकवण्या घेतो, त्याचे साठवलेले पैसे होते. घेतला. आपला पीसी हा मॉनिटर ओढेल का, हे मी पाहायला हवं होतं. मी संगणकाचंच शिकतो. तरी पाहिलं नाही. लोक लग्न ठरवताना सगळी चौकशी करतात आणि मुलगी आवडली की काहीच विचारत नाहीत, तसं माझं झालं.

मॉनिटर घरी आला तेव्हा आईने आधी त्याला ओवाळलं. गाडी आणली की ओवाळतात, मग याला का नको, असं तिचं म्हणणं. कुंकू लावायला जागा दिसेना म्हणून तिने ते सरळ काचेवर, डाव्या कोपऱ्यात लावलं. मी पुसायला गेलो तर म्हणाली, “आरं, ऱ्हाऊ दे की सांजंपर्यंत. तिथं काय तुझा गेम येनारे व्हय?”

आला नाही. चालू केल्यावर चित्र फक्त मधोमध आलं, तेही धूसर, आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. दादा दुसऱ्या पाळीला जायचा होता, डबा भरून उभा होता.

“एवढा मोठा आणला आन् पिक्चर मधीच?” तो म्हणाला. “बाजूची जागा भाड्यानं देनार काय?”

“सेटिंग करायचंय अजून.”

“कर. मला वाटलं पाव्हणं येनार हायत, त्यांच्यासाठी सोडलीय.”

सेटिंग केलं. चित्र पूर्ण पसरलं आणि खरी गोची तेव्हा कळली. मॉनिटर जेवढा रुंद, तेवढे जास्त ठिपके पीसीला दर क्षणी रंगवावे लागतात. आमच्या पीसीचं वय झालेलं. गेम लावला की आतला पंखा घरघरायला लागायचा आणि गाडी अडखळत, थांबत, पुन्हा उडी मारून पुढे जायची. मी बटण दाबायचो, गाडी थोड्या वेळाने वळायची, तोवर ती झाडावर गेलेली असायची. रुंदी कमी केली तर जरा सुरळीत चालायचं, पण मग ते धूसर चित्र आणि ते पट्टे. माझ्या अभिमानाला ते सोसेना.

मी म्हणालो, “पीसी म्हातारा झालाय.”

हे बोलायला नको होतं. दादाने डबा खाली ठेवला. “पाच वर्सं चालला तवा म्हातारा नव्हता? नवी सून आली आन् लगेच सासरा म्हातारा?”

आई आतून हसली. त्यानंतर आठवडाभर दादा जाता-येता पीसीवर हात ठेवायचा आणि विचारायचा, “काय बाबा, जेवलास का?”

आणि मग एका सकाळी त्याने वेगळंच विचारलं. मी हातात कंट्रोलर धरून गेम लावून बसलो होतो. तो चहा घेऊन मागे उभा राहिला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला.

“हे रिमोट कसं धरत्यात रे? दोन अंगठ्यांनीच?”

हळूहळू कळलं ते असं. कंपनी आपल्याच कामगारांतून क्रेनचे ऑपरेटर निवडणार होती. निवडीची परीक्षा खऱ्या क्रेनवर नव्हती, सिम्युलेटरवर होती. म्हणजे पडद्यासमोर खुर्ची, दोन हातांत दोन दांडे, आणि समोर खोटं बंदर. अर्ज करणारी बहुतेक पोरं पंचविशीच्या आतली, मोबाईलवर गेम खेळत वाढलेली. दादाला चौतिसावं लागलेलं. वयाची अट होती, त्यामुळे त्याच्यासाठी ही पहिली आणि शेवटची संधी होती. नाही झालं तर सळ्या, आणि तो खांदा, निवृत्तीपर्यंत. अर्ज भरून त्याला दहा दिवस झाले होते आणि त्याने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

“हसशील म्हनून न्हाय बोललो,” तो म्हणाला.

मी हसलो नाही. मी लगेच शोधायला बसलो. बंदरातल्या क्रेनचा एक साधा, फुकटातला गेम मिळाला. डाव्या अंगठ्याने क्रेन पुढे-मागे, उजव्याने दोर खाली-वर. कंटेनर उचलायचा आणि ट्रकवर ठेवायचा. बंदरात कंटेनरला डबा म्हणतात, निदान दादा तरी म्हणतो.

दादाने दोन मिनिटं पाहिलं आणि मान हलवली. “चुकीचं हाय. क्रेनवाला आडवं कुठं बघतो? त्याच्या पायाखाली काच असती. तो दिवसभर मान खाली घालून दोन पायांच्या मधून बघतो. तुझा हा टीव्ही आडवा हाय. उभा कर.”

“दादा, हा उभा करायचा नसतोच.”

“का? आडवं पडायचं व्रत घेतलंय त्यानं?”

त्याचा स्टँड फिरत नव्हता. दादाने स्टँडच काढला. टेबल लोखंडी कपाटासमोर ओढलं, त्यावर आईची गोधडी घडी करून ठेवली आणि मॉनिटर अरुंद बाजूवर उभा केला. मी दोन्ही हात पसरून आधार देत राहिलो. मग दादाने पिशवीतून सामान बांधायचे दोन पट्टे काढले आणि मॉनिटर कपाटाला आवळला. एक पट्टा वर, एक खाली, गाठ नाही, कड्या. काचेला पट्टा लागू नये म्हणून कोपऱ्यांत पुठ्ठा. दहा वर्षं त्याने जहाजं बांधली आहेत. मॉनिटरला बोट लावून ढकलून पाहिलं, कपाट हललं पण मॉनिटर नाही.

“आता भरती आली तरी पडत न्हाय,” तो म्हणाला.

मी स्क्रीन फिरवायचं सेटिंग केलं आणि दार उघडल्यासारखं बंदर सरळ खाली खोल दिसायला लागलं. दादा खुर्चीत बसून पुढे वाकला. मला तेव्हा खरंच भारी वाटलं.

आईला नाही वाटलं. “माझं कपाट!” ती म्हणाली. “आता लुगडं काय पडद्यातनं काढू?”

त्यामुळे पुढचे वीस दिवस आई रोज सकाळी पट्टे सोडायला लावायची, दिवसाचे कपडे काढायची आणि मग दादा पुन्हा बांधायचा. शेजारच्या काकू विचारायला आल्या तर आईने सांगितलं, “दोघं मिळून कपाटाला चष्मा लावत्यात.”

दादा रोज सकाळी नऊ ते साडेअकरा सराव करायचा. पीसी धापा टाकायचा, दादाने अंगठा हलवला की डबा किंचित उशिराने सरकायचा. पहिल्या दिवशी त्याने एकही डबा धड ठेवला नाही. घाई केली की डबा झोके घ्यायचा आणि ट्रकच्या टपावर आपटायचा. मग तो शिकला. जरा हलवायचं, थांबायचं. पुन्हा जरासं, पुन्हा थांबायचं. डबा शांत झाला की खाली. आई भाजी निवडत बघायची आणि म्हणायची, “लेकरू झोपवल्यागत करतूयस.”

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि हे सगळं लिहायला घेण्याचं कारणही तेच आहे. जुना एकोणीस इंची मॉनिटर पलंगाखालीच होता. तो लावला असता तर गेम सुरळीत चालला असता, हात हलवला की त्याच क्षणी डबा हलला असता. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर नवा मॉनिटर घेणं चूक होतं हे मान्य करावं लागलं असतं, आणि दादा पहिल्यांदाच मी आणलेल्या वस्तूचं कौतुक करत होता. कामावर त्याने सांगितलं होतं म्हणे, भावाने माझ्यासाठी केवढा मोठा पडदा आणलाय.

परीक्षा दुपारी होती. दादा आईच्या पाया पडून गेला, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास आला. चपला काढून सरळ खुर्चीत बसला, बंद मॉनिटरसमोर.

“कसं झालं?” मी विचारलं.

“तिथलं मशीन लगेच ऐकतं रे,” तो म्हणाला. “मला सवयच न्हाय. मी हात हलवायचो आन् थांबायचो. ते आपलं कवाच जाऊन उभं. बाकीच्या पोरांनी सात-आठ डबे ठेवले. मी चार.”

आई पाणी घेऊन आली. मी उभाच होतो. मग सांगून टाकलं. पलंगाखालचा मॉनिटर, ठिपके, सगळं. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला.

दादाने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

“म्हंजे माझा पीसी म्हातारा नव्हता.”

“नाही.”

“जास्तीचं वझं तू लादलंस.”

“हो.”

“आन् तीन आठवडं त्या गरिबाला नावं ठेवलीस.” तो पीसीकडे वळला. “ऐकलं का बाबा? मापी मागतोय तो.”

मी रडेन असं वाटून त्याने थट्टा केली हे मला कळत होतं. तो मला एक शब्दही बोलला नाही, आणि ते ऐकून घेण्यापेक्षा अवघड होतं. दुसऱ्या दिवशी त्याने पट्टे सोडले, कपाट मोकळं केलं आणि सळ्या बांधायला निघून गेला.

यादी आठवड्याने लागणार होती. तीन आठवडे गेले. दादा विषय काढायचा नाही. एकदा आंघोळीनंतर त्याला खांद्यावर मलम लावताना मी विचारलं तर म्हणाला, “टेन्शन नको घेऊ. चोळ नीट.” मी मॉनिटर विकायची जाहिरात टाकली होती, एक-दोन फोनही आले. गेम लावायची इच्छा होत नव्हती.

मग गेल्या मंगळवारी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. फोन बाहेर बॅगेत ठेवायला लावतात. दीड वाजता बाहेर आलो तर आईचे सात मिस्ड कॉल. वडिलांचा गावावरून एक. शेजारच्या काकूंचासुद्धा. दादाचा एकच व्हॉइस मेसेज होता, सकाळी दहाचा. कॉलेजच्या जिन्यावर बसून कानाला लावला. मागे ट्रेलरचे हॉर्न वाजत होते आणि तो ओरडून बोलत होता:

“आरं, उचल की फोन! गेटवर यादी लागलीय. सहा जनं घेतलेत, पाचवं नाव माझं हाय. साहेबाला इचारलं, चारच डबे ठेवले तरी कसं काय. तो म्हनला, बाकीच्यांनी सात ठेवले पन दोन-दोन आपटले, तुझा एक बी हालला न्हाय. एक तारखेपास्नं ट्रेनिंग. सगळ्या गावाला कळलंय, तूच ऱ्हायलायस.”